बाबांच्या गाडीतलं पाणी

प्रिय ताई,

फोन असताना पत्र कशाला, हे तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू मधेच बोलतेस. पत्र वाचताना तुला गप्प बसावं लागतं, आणि धाकट्या भावाला जन्मात एवढी तरी संधी मिळायला हवी. शिवाय आज रजा टाकलीय, सकाळपासून मी तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून अंगणात जाऊन गाडीभोवती फिरून आलो. तुझी भावजय म्हणाली, एवढं चालायचंच आहे तर येताना भाजी तरी आण. भाजी आणली. तीही चुकीची.

आपलं भांडण तुझ्या लक्षात आहे. शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब बाबांनी खरवडला तेव्हा तू म्हणालीस, त्यांच्याकडून किल्ली काढून घे, गाडी सडलीय, पायाखाली डबकं साचतं, विकून टाक. मी म्हणालो, बाबांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, खांबच रस्त्यात आलाय. आणि पुढे जाऊन असंही म्हणालो की ते पाणी मी थांबवून दाखवतो, तुम्ही याल त्या रविवारी तुला आणि तुझ्या दोन्ही रत्नांना स्टेशनवरून आणायला बाबाच येतील, त्याच गाडीतून. बाबा दाराआड उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी केस कापून आले.

गाडीची अवस्था तू म्हणालीस त्याहून वाईट होती, हे तेव्हा कबूल केलं नाही. पाऊस थांबून आठवडा झाला तरी चालकाशेजारच्या जागेत पाय ठेवला की गालिचा पचकन वाजायचा. आत ओल्या कुत्र्याचा वास. काचा आतून धुक्याने भरायच्या आणि बाबा एका हातात फडकं धरून चालवायचे. आपला गॅरेजवाला, ज्याला बाबा ‘उद्याराव’ म्हणतात, त्याने आत डोकं घातलं, हुंगलं आणि म्हणाला, जुनी झाली साहेब, आता गळणारच. बाबांना ते गाडीबद्दल आहे असं वाटलं नाही. गाडी तशीच घरी आणली आणि मला म्हणाले की पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं गळत्या शोधल्या, एवढ्याशा डब्यातली सापडणार नाही होय.

मग तीन रविवार अंगणात आमचं पाणीखातं चाललं. पद्धत त्यांची. पाणी नेहमी खालून वर मारत जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गुन्हेगार गर्दीत मिसळतो. एका जागी पाच मिनिटं पाइप धरायचा, आतल्याने विजेरी घेऊन पाहायचं, कोरडं असेल तर बाहेरच्याने तिथे खडूने बरोबरची खूण करायची आणि पुढे सरकायचं. त्या जागेकडे पुन्हा बघायचं नाही, कारण तपासलेल्यावर संशय घेणारा माणूस कधीच घरी जेवायला पोचत नाही, हा त्यांच्या खात्याचा सिद्धांत. पाइप माझ्याकडे. आत बाबा. गळती ज्याला कळते तो आत बसणार, नळ ज्याला सोडता येतो तो बाहेर, अशी कामाची वाटणी त्यांनी गुणवत्तेनुसार केली होती.

पहिल्या रविवारी पुढची काच, तिच्या खालची काळी जाळी, दोन्ही दारं. आतून एकच निकाल: कोरडं. दुसऱ्या रविवारी दारांच्या रबरांना पावडर फासली, जिथे पाणी शिरेल तिथे ओघळ उमटेल म्हणून. बाबा म्हणाले, जशीच्या तशी आहे. मला एके ठिकाणी पुसटशी रेघ वाटली होती, पण तज्ज्ञांपुढे कोण बोलणार. मागचे दिवे काढून बसवले, डिकीचं रबर बदललं, छताची फट बुजवली. संध्याकाळी आत पाणी असायचंच. गाडीवर खडूच्या इतक्या खुणा झाल्या की ती शाळेत पहिली आल्यासारखी दिसत होती. फक्त नापास आम्ही होत होतो. सोमवारी कामावर माझं लक्ष लागेना, खिडकीवर पाणी दिसलं तरी मी ते कुठून येतं ते बघायला उठायचो.

काल तिसरा रविवार. तपासायला जागाच उरली नाही, तेव्हा मी सिद्धांत मोडला. बाबा आत वाकून बसले होते, त्यांना न सांगता मी काचेखालची ती जाळी उचकटली. खाली कुजलेल्या पानांचा चिखल. पाणी बाहेर जायची भोकं पार बुजलेली, त्यामुळे ते तिथे चढायचं आणि पंख्याच्या वाटेने आत उतरायचं. काखेत कळसा आणि तीन रविवार वळसा. मी पाइप तिथे धरला आणि काचेतून आत पाहिलं. करंगळीएवढी धार, ताई. बाबांच्या गुडघ्याजवळून सरळ खाली. विजेरीचा झोत बरोबर तिच्यावर होता, पाणी चमकत होतं, आणि बाबा तिच्याकडेच बघत होते.

“कोरडं आहे,” ते म्हणाले. “पुढे चल.”

मी पुढे गेलो नाही. तिथेच आणखी एक मिनिट पाइप धरून उभा राहिलो. वाटलं, आता दिसेल. मग नळ बंद केला.

गळती सापडली एवढंच सांगितलं, बाहेरूनच दिसली म्हणालो. बाबा इतके खूश झाले की मला पाठीवर थोपटताना म्हणाले, तुझ्यात माझं थोडं उतरलंय म्हणायचं. दोन ओंजळी चिखल काढला, भोकांतून तार फिरवली, गालिचा उपसून वाळत टाकला. आज दुपारी मी एकट्याने पुन्हा अर्धा तास पाणी मारलं. आत थेंब नाही. पैज मी जिंकलो, लेखी कळवतो आहे. त्यानंतर बाबा येऊन चालकाच्या जागेवर बसले. लख्ख ऊन, काच आरशासारखी. त्यांनी फडकं काढलं, काच पुसली, परत पुसली, आणि मला म्हणाले की अजून जरा धुकं धरतंय, रविवारपर्यंत जाईल.

मी हो म्हणालो. वर्षभर मी असंच हो म्हणत आलोय. खांबाच्या वेळी मी शेजारी बसलो होतो. तो मला बराच लांबून दिसत होता आणि बाबा वळतील म्हणून मी गप्प होतो. हे तुला सांगितलं नव्हतं. तुझ्याशी भांडण जिंकायचं होतं आणि त्यासाठी बाबांचे डोळे शाबूत असणं मला सोयीचं होतं. त्यांना स्वतःला किती कळतंय ते माहीत नाही. पेपर ते अजून वाचतात, म्हणजे समोर धरतात आणि बातम्या मला विचारतात. मी त्याला गप्पा समजत होतो.

तेव्हा या रविवारी मुलांना घेऊन स्टेशनबाहेर रिक्षा कर. गाडी आली आणि चालवायला बाबा असले तर बसू नकोस, काहीही कारण सांग. पण तशी वेळ येऊ नये म्हणून तर हे लिहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. तिथे जायच्या आधी त्यांच्याकडून किल्ली मागायची आहे, आणि ती मलाच मागायला हवी, तुझ्या नावावर खपवून चालणार नाही. मी स्वतःला ओळखतो. त्यांच्यासमोर उभा राहिलो की गालिचा वाळला का ते बघून परत येईन. म्हणून पत्र आधी पेटीत टाकतो आणि मग त्यांच्या खोलीत जातो. एकदा तुला कळलं की मला मागे फिरता येणार नाही. बाबा आता आतून हाका मारताहेत, चहा झालाय म्हणून. त्यांना सांगतो, कोपऱ्यापर्यंत जाऊन आलोच.

तुझाच, भांडण हरलेला
धाकटा