दुसरी बुडी

राजूर, ता. अकोले, जि. अहमदनगर
डिसेंबर १९७३

प्रिय भागी,

तुझ्या आजीचा जयभीम, आणि इथूनच तुझ्या गालावरून हात.

पत्र लिहिते आहे मनकर्णा, शेजारच्या गोजरबाईची सून. आपल्या वस्तीतली बालवाडी चालवते तीच. मी बोलते आणि ती लिहिते. मी बोलते वेडंवाकडं आणि ती उतरवते नीटनेटकं, कारण तिचं म्हणणं, पत्र परदेशी जायचं, तिथं आपली शोभा नको. मी म्हटलं, बाई, तिकडे कॅनडात हे फोडून वाचणारी एकटी माझी नात आहे आणि तिचा शेंबूड मी पुसलेला आहे. तर तिने तेही लिहून टाकलं. तुझा बाप शाळेत गेला आहे. आम्ही दोघी मागच्या पडवीत दार लोटून बसलो आहोत, चोरांसारख्या. शाळा सुटायच्या आत आटपायचं आहे.

तुझं पत्र पोचलं. रंभाजीने वाचून दाखवलं, पण फोटो दाखवला नाही. मला संशय आलाच. तुझा बाप काही लपवतो तेव्हा घसा खाकरतो. लहानपणी चोरून गूळ खाल्ला की असाच खाकरायचा, आता पन्नाशी उलटली, मास्तर झाला, तरी खोड तीच. दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला घेतला, तर खिशात तू. डोळ्यांवर ही मोठी काच, तोंडात नळी, पाठीवर टाकी, आणि भोवती सात गोरी माणसं, बायका नि बाप्ये, सगळी निथळणारी. मी फोटो घेऊन गोजरबाईकडे गेले. तिने तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "आक्के, येवढी शिकली पोर, आन् तिकडं बी तिला फवारनीचा पंपच दिला का गं?" मी हसता हसता भिंत धरली. फोटो आता बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला लावला आहे. रंभाजी रोज काढतो, मी रोज लावते. आणि त्यात तो लाल मिशीचा उंच माणूस तुझ्याकडे का बघतो आहे, हे मी विचारत नाही. मनकर्णा विचारते आहे.

तर मला समजलं ते असं. तुमच्या दवाखान्यातल्या लोकांचं पोहण्याचं मंडळ आहे. टाकी बांधून पाण्याखाली कसं जायचं ते तुम्ही तलावात शिकलात. आता मार्च महिन्यात आठ जणं मिळून त्या कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर जाणार, आठवडाभर काम काही करायचं नाही, नुसतं खाली जायचं, मासे बघायचे, वर यायचं, खायचं, झोपायचं. मनकर्णाने बालवाडीच्या नकाशात बेट शोधलं. सापडलं ते असं, की माशी बसून गेली असावी. आणि तू बापाला विचारलंस, जाऊ का.

त्याने काय उत्तर धाडलं ते मला ठाऊक आहे, कारण तो लिहिताना वर्गात बोलावं तसा मोठ्याने बोलतो. जाऊ नकोस. जिवाशी खेळ नको. बायका-बाप्ये असे उघडे ओले एकत्र, लोक काय म्हणतील. आणि शेवटी दोन रेघा ओढून, आम्ही तुला शिकायला आणि समाजाच्या कामी यायला पाठवलं, मौज करायला नाही. त्यानंतर तुझं पत्र नाही. म्हणजे तू विचारात पडलीस. मला धास्ती त्याचीच आहे. तू लहानपणापासून बापाचं ऐकणारी. पैसे भरलेत, जागा धरली आहे असं तू लिहिलं होतंस, आणि आता मुकाट्याने नाव काढून घेशील आणि आम्हाला कळवणारही नाहीस.

मी त्याला विचारलं, "रंभा, आपल्या घरान्यात मौज कुनी केली? येक नाव सांग." तो मान वर करून बसला, आढ्याकडे बघत. मग म्हणाला, "आज्याने एकदा अकोल्याच्या जत्रेत तमाशा बघितला होता." मी म्हटलं, "त्यो बी कनातीच्या भायेर उभा ऱ्हाऊन, कान लावून." इतकी आपली मौज. तीही ऐकीव.

पोहायला तुला मी शिकवलं हे तो विसरतो. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची, रात्रंदिवस रडणारी. मी तुझ्या कमरेला सुकलेला भोपळा बांधला आणि प्रवरेत सोडलं, खालच्या अंगाला, जिथं आपल्या लोकांना परवानगी होती तिथं. पाण्यात पडलीस आणि रडं थांबलं. तुझ्या बापालाही त्याच्या लहानपणी असाच भोपळा बांधला होता. त्याने भोपळ्याला मिठी मारून एवढा आरडाओरडा केला की पलीकडच्या काठाची म्हैस उठून उभी राहिली. अजूनही नदी ओलांडायची म्हटली की धोतराचा सोगा धरून पुलाच्या मधोमध चालतो. आम्ही तरंगायला भोपळा बांधायचो, तू बुडायला टाकी बांधतेस. मनकर्णा म्हणते, आजी, ती बुडायला नाही, श्वासाला. मी म्हटलं, लिही गं गपचूप.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट तुझ्या बापाने भराभर वाचून टाकली. मी मनकर्णाकडून ती पुन्हा पुन्हा वाचून घेतली. तुम्ही खाली जोडीजोडीने उतरता. तुझी जोडी त्या एक्स-रे काढणाऱ्या मार्थाशी. एकीच्या टाकीतली हवा संपली तर दुसरीने आपल्या तोंडातली नळी काढून तिच्या तोंडात द्यायची. तिने दोन श्वास घ्यायचे, परत द्यायची. असं देत-घेत दोघींनी वर यायचं. तलावात तुमच्याकडून हेच घोटून घेतलं. हे मी गोजरबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "तोंडातली? उष्टी?" मी म्हटलं, "व्हय, उष्टी." निवडता निवडता तांदळात तसाच हात ठेवून बसली. मग म्हणाली, "आन् मंग तिनं ती धुतली का?" "पान्याच्या आत कशानं धुनार, गोजरे?" तिने निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. आता मनकर्णाने पेन थांबवलं आहे. लिही गं बाई, शाळा सुटेल.

आता तुला एक सांगते. तुझ्या बापालाही हे कधी सांगितलेलं नाही. तो तेव्हा अंगावर पीत होता. गावच्या विहिरीत कुत्रं पडून मेलं. मेलेलं जनावर उचलायचं ते आपल्या लोकांनी, हे गावाने नेमून दिलेलं. एरवी त्या विहिरीच्या कठड्यावर आपली सावली चालायची नाही. पाणी हवं तर लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. चावडीवरून निरोप आला, कचरूला धाडा. तुझा आजा हिवतापाने खाटेवर कुडकुडत होता. मी पोर सासूकडे दिलं, लुगड्याचा कासोटा घट्ट मारला आणि गेले. सगळा गाव नाकाला पदर लावून उभा. कुत्रं तळाला गेलेलं. पायऱ्या उतरले, दोर घेतला, बुडी मारली, कुत्र्याला बांधलं, झटका दिला. त्यांनी ओढलं. काम झालं. मी वर आले, श्वास भरून घेतला, आणि कुणी काही म्हणायच्या आत परत खाली गेले.

ही दुसरी बुडी कुणाच्या कामाची नव्हती.

खाली गार होतं गं. हिरवं. वर पाहिलं तर आभाळ परातीएवढं आणि त्याच्या काठाला सगळ्या गावाची डोकी, मिरचीच्या देठाएवढाली. आवाज नाही. 'लांब हो' नाही, 'सरक' नाही. तळाला एक पितळेची घागर आडवी पडलेली, कुणाची तरी दोर तुटून गेलेली. वर तिला माझं बोट लागलं असतं तर त्यांनी ती विस्तवात घालून शुद्ध केली असती. मी एका हाताने कपारीचा दगड धरला आणि तिच्यावर बसले. पाटलीण चौरंगावर बसते तशी. दम होता तोवर बसले. वर आले तर पाटलाचा गडी ओरडला, "ये, दुसऱ्यांदा कशापायी गेल्तीस?" मी म्हटलं, "दोर नीट बसला का बघाया." मग त्यांनी विहिरीचं निम्मं पाणी उपसून काढलं आणि गोमूत्र शिंपडलं. कुत्र्यामुळे की माझ्यामुळे, ते मी विचारलं नाही.

गेल्या दुष्काळात ती विहीर कोरडी पडली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. एवढीशी जागा, नुसता गाळ, आणि गाळात घागरीचं तोंड. मी एकटीच हसले. त्याच दुष्काळात सरकारने आपल्या वस्तीत हापसा बसवला हे तुला कळवलं होतं. काय झालं ते मात्र कळवलं नव्हतं. गावातल्या बायका आल्या पाण्याला, छप्पन साली आम्ही बुद्धाचा धर्म घेतला म्हणून बोलणं टाकलेल्या त्याच. हांडे घेऊन लांब उभ्या. गोजरबाईच्या तोंडाला खूप काही आलं होतं. मी तिला गप्प केलं आणि स्वतः हापसून एकेकीचा हांडा भरून दिला. पण खोटं कशाला बोलू, मुद्दाम सावकाश हापसलं.

तर भागी, जन्मभर मी पहिलीच बुडी मारत आले. लोकांची शेतं, लोकांची बाळंतपणं, खडीचं काम, सगळी तीच. दुसरी एकदाच. तूही आजवर पहिल्याच मारल्यास. नगरच्या दवाखान्यात रात्रपाळ्या केल्यास, आता तिकडे परक्यांचं रक्त नि घाण काढतेस, इथल्या बापाच्या मोतीबिंदूची काळजी करतेस. समाजाच्या कामी यायचं ते तू येतेच आहेस, त्याला मी नाही म्हणत नाही. पण त्या आठ दिवसांना कारण शोधू नकोस. मासे बघायचे आहेत, एवढं पुरे. त्याहून चांगलं कारण तू बापाला लिहिशील तर मलाच राग येईल.

आणि बापावर रागावू नकोस. तो वाईट नाही, भित्रा आहे. रोज टपालाच्या वेळेला शाळेच्या फाटकात उभा राहतो. परवा जेवता जेवता म्हणाला, "आई, तिकडे पाण्यात काही झालं तर आपलं माणूस कोण आहे तिच्याजवळ?" त्याचा घास हातातच होता. मी म्हटलं, "मार्था हाय." त्याला ते पटलं नाही. मलाही रात्रभर झोप आली नाही, हे मनकर्णाला लिहू नकोस म्हणाले तरी ती लिहिते आहे. भीती मलाही वाटते. पण माझी भीती माझ्यापाशी, तिच्यासाठी तू का घरात बसायचं.

आता हे पत्र इतक्या घाईने का, ते ऐक. मागच्या पंधरवड्यात मला थोडा ताप आला होता, उतरला, मी आता दोन भाकरी खाते. पण त्या तापाने तुझ्या बापाच्या डोक्यात किडा सोडला. मार्चच्या तोंडाला तो तुला तार करणार आहे, आजी अत्यवस्थ, ताबडतोब निघ. एकदा आलीस की समुद्रही राहिला आणि कॅनडाही. पण मास्तर पडला, खोटं लिहायला हात धजत नाही, म्हणून काल माझ्याजवळ येऊन म्हणतो, "आई, त्या दिवशी जरा खाटेवर पडून राहशील का? म्हणजे अगदीच खोटं होणार नाही." मी म्हटलं, "रंभा, मी कवा ना कवा जानारच हाय, पन तुज्या सोयीनं न्हाई." तो खाकरला, म्हणजे तार तो करणारच. तेव्हा तार आली तर वाच, घडी घाल, आणि आपल्या लोकांबरोबर जा. आणि समज, मी सगळ्यांची गंमत करायला खरीच गेले, तरी तुला तार यायची नाही. मनकर्णाकडून गळ्याची शपथ घेतली आहे. ती साधं पत्र टाकील, याच अक्षरात, तू समुद्रातून वर येऊन अंग पुसून झाल्यावर. मेलेल्या माणसाला कसली घाई. हे पत्र पेटीत पडलं की मीच रंभाजीला सगळं सांगणार आहे, त्याच्या तोंडावर, जेवण वाढून झाल्यावर. तू फक्त जा, आणि किती खोल गेलीस ते बापाला नको, मला कळव.

तुझीच, दोन भाकरी खाणारी आजी,
आक्काबाई
(अंगठा मनकर्णाने धरून उठवला नाही, माझा मी उठवला आहे.)