दोघांची मेंबरशिप

प्रिय लिफ्टवाल्या,

ती हॉलिडे मेंबरशिप घ्यावी का, असं तू विचारलं होतंस, आणि विचार करून सांगते, असं मी म्हणाले होते. विचार झाला. फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तू सारखं ‘बरं, बरं’ करतोस आणि मला जे बोलायचं असतं ते बाजूलाच राहतं. त्यात कंपनीने तुला रविवारपर्यंतचीच मुदत दिलीय. म्हणून लॅबमध्येच, जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलेय. समोर कुणाची तरी खालची कवळी मेणात बसवून ठेवलीय आणि माझ्या हाताला प्लॅस्टरची पूड आहे. कागदावर पांढरे डाग दिसले तर ते त्याचे आहेत.

आधी कामाचं. त्यांचं ते जाडजूड पुस्तक मी बारीक अक्षरांसकट वाचलं. तुझ्या घरातलं बारीक अक्षरं वाचायचं खातं माझ्याचकडे होतं ना, वॉशिंग मशीनच्या गॅरंटीपासून ते आपल्या घटस्फोटाच्या कागदांपर्यंत! तर ऐक. पंचवीस वर्षं दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळणार आणि ते देऊन खोली घ्यायची, हे ऐकायला गोड आहे. पण शाळांना सुट्ट्या असतात तो लाल हंगाम. त्यात एका आठवड्यात वर्षभराचे पॉइंट उडतात आणि शनिवार-रविवार आणखी महाग. निळ्या हंगामात स्वस्त, पण तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं. अरे, परवा तू कुठे असशील हे तुला आज सांगता येत नाही, आणि तू पुढच्या सुट्टीचं सांगणार, कपाळ! शिवाय गेलात न गेलात तरी देखभालीचे पैसे दरवर्षी भरायचे, आणि ते वाढत जाणार. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. उरलेले पॉइंट पुढच्या वर्षावर ढकलता येतात, पण तेव्हाही वापरले नाहीत तर गेले. आणि विकायला निघालास तर कुणी हिंग लावून विचारणार नाही. आमच्या लॅबच्या मालकीणबाईंच्या दिरांनी घेतलीय. ते दर सुट्टीत फोन लावतात, दरवेळी ‘फुल्ल’ ऐकतात आणि शेवटी मालकीणबाईंच्याच घरी येऊन राहतात.

आता त्या दिवसाचं. नवराबायकोनं मिळून यायचं अशी त्यांची अट होती, आणि तू मला फोन केलास. चल ना, मी एकटा भुलून सही करून बसेन, तुला प्रश्न विचारता येतात, असं म्हणालास. घटस्फोटाला दोन वर्षं झाल्यावर हे विचारायची हिंमत फक्त तुझ्यात. आणि मी लगेच हो म्हणाले, तेही तुला माहीतच आहे. मी तो हिरवा ड्रेस इस्त्री करून घातला होता. तू बघितलास की नाही, कोण जाणे. हॉटेलचा तो हॉल, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि त्यांच्यासमोर एक हसणारा माणूस. आपल्या माणसाचे पुढचे दोन दात बसवलेले होते, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरे. ज्याने केलेत त्याला धरून आणावंसं वाटलं. कुणीही सही केली की घंटा वाजायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तू प्रत्येक वेळी मनापासून टाळ्या वाजवत होतास, वेडा कुठला.

त्या माणसाने विचारलं, किती माणसं जाणार? तू म्हणालास, दोघं. पुढे विचारलं, मॅडमना काय आवडतं? मी तोंड उघडायच्या आत तू सांगायला लागलास, की हिला खिडकीकडची बाजू लागते, ही परकी उशी घेत नाही, दात घासायच्या आधी हिच्याशी बोलायची सोय नाही. तो हसला, मीही हसले. मग मी देखभालीच्या पैशांचा प्रश्न जरा जोरातच विचारला. पंचवीस वर्षं आणि दोघं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. त्या दोघांमधली एक मी आहे असं मी धरूनच चालले होते. तू थेट बोलणाऱ्यांतला नाहीस, लिफ्टच्या वायरींसारखं सगळं आत ठेवतोस, तेव्हा परत ये म्हणायची तुझी हीच तऱ्हा असणार, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात कपाटाचा एक कप्पासुद्धा रिकामा केला. हसू नकोस.

आपण खरोखरचे एकदाच गेलो होतो, आठवतं? बाकी प्रत्येक वेळी बॅग भरली की तुझा फोन वाजायचा, कुठेतरी लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलेलं असायचं, आणि तू पुढच्या वेळी नक्की म्हणून जिने उतरायचास. त्या एकदाच्या वेळी पोचलो, आणि संध्याकाळी तिथलीच लिफ्ट बंद पडली. तिथल्या मेकॅनिकला काही उमगेना म्हणून तू आत शिरलास तो शिरलासच. मी तलावाकाठी सरबताचे दोन ग्लास घेऊन बसले, आधी माझा प्यायले, मग तुझा. तू कोपरापर्यंत ग्रीसने माखून आलास आणि इतका खूश होतास, की मला रागवताही येईना. तसा राग आला असता तर बरं झालं असतं. तू कामावर जायचास याचा मला कधीच राग नव्हता रे, लोकांना सोडवणारा नवरा आहे याचं कौतुकच होतं. फक्त मी पुढच्या वेळेवर फार जगले. इतकी, की शेवटी घरात तुझी वाट बघणारी एक बाई तेवढी उरली.

तर तो दिवस. हॉलमधून बाहेर आलो, त्यांनी भेट दिलेली प्रवासाची बॅग तू माझ्या हातात दिलीस, आणि गाडीजवळ उभं राहून सहज सांगितलंस. तिला समुद्र आवडतो. ती शिकवते, तिला सुट्ट्या असतात. वसंतात लग्न करतोय. ती भोळी आहे, काहीही विचारलं की हो म्हणते, म्हणून तिला न आणता तुला आणलं. आणि मग, तुला काय वाटतं, घेऊ का? तुझ्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, तेच सहन होत नव्हतं. तुला खरंच माझं मत हवं होतं. मी विचार करून सांगते म्हणाले आणि दोन स्टॉप आधीच बसमधून उतरले, कारण बसमध्ये रडता येत नाही.

तुझ्या आई गेल्या आठवड्यात लॅबमध्ये आल्या होत्या, कवळी सैल झाली म्हणून. मी माप घेत होते. तोंडात साचा, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. साचा घशाला लागतोय असं समजून मी त्यांना नाकाने श्वास घ्यायला सांगत राहिले. जाताना त्यांनी माझा प्लॅस्टरने भरलेला हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. आता कळतंय, त्यांना तेव्हाच माहीत होतं. कवळी तयार आहे, येऊन घेऊन जा. तू नको, तुझ्या धाकट्या बहिणीला पाठव.

तर माझं उत्तर, नको घेऊस. पैशांपेक्षाही, ती मेंबरशिप हाताशी असली की तू म्हणशील पॉइंट आहेत, जाऊ की पुढच्या वर्षी. तिला तसं पुढचं वर्ष दाखवू नकोस. साधी खोली घे, लग्न झालं की लगेच, समुद्राकाठी. फोन घरी ठेव, दुसऱ्या कुणाला तरी सोडवू दे लोकांना. तिला तिची बाजू विचार, खिडकी हवी का भिंत. माझ्या आवडी तिच्यावर लादू नकोस.

आणि एक मागते. यापुढे मला काही विचारू नकोस, विम्याचं नाही, आईंच्या औषधांचं नाही, काहीच नाही. तू विचारलंस की मला उत्तर शोधावं लागतं, आणि उत्तर शोधते तितके दिवस मी पुन्हा तुझी बायको होते. परवापासून तशीच आहे. तुझ्या पगारात बसेल का ते बघितलं, सुट्ट्या कधी मिळतील ते मांडलं, तुझ्या गुडघ्यांना तळमजल्यावरची खोली लागेल हेही लिहून ठेवलं. मग लक्षात आलं की हे सगळं मी दुसऱ्या बाईच्या सुखासाठी करतेय, आणि तरी मला ते करायला आवडतंय. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. हे माझं शेवटचं उत्तर आहे.

तुझीच, या पत्रापुरती