भावाच्या पानावरचं चाक

३ मार्च, सोमवार
आज पुन्हा केदार. (यापुढे नुसतं के. अख्खं नाव लिहायची त्याची लायकी नाही.) हिंजवडीत एसीत बसून आला आणि साताऱ्यात आम्हाला वेब शिकवतोय. सांगलीच्या मुल्लाचाचांच्या अडत दुकानाची साइट यानेच केलेली. काम काय, तर सौदा म्हणजे लिलाव झाला की बेदाण्याचा भाव दाखवायचा. हिरवा, पिवळा, काळा. बास. त्यासाठी याने जेएसची (जावास्क्रिप्टची) जी वरात जोडलीय, ती बघून ब्राउझरलाच घाम फुटतो. शेतकरी बेदाणा वाळवायच्या शेडवर उभा, फोनला रेंजची एक काडी, आणि पांढऱ्या पानावर चाक फिरतंय. फिरतंच आहे.

चाचांचा आमच्या कंपनीच्या सरांना फोन आला. स्पीकरवर होता, ऑफिसभर ऐकू गेलं. "साहेब, भाव दिसंना म्हणून लोक माल शेजारच्या दुकानाला लावाय लागलेत. पाडव्यापातुर नीट करा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या तुमची साइट."

लोकांत आमचे नानाही आले, माझे वडील. त्यांचा यंदाचा सगळा बेदाणा कोल्ड स्टोअरेजला पडून, आणि ते गावाकडं त्या चाकाकडं बघत बसलेत. चढ्या भावाला माल निघाला तर ठीक, नाहीतर द्राक्षबागेत वर्षभर राबले ते मातीत.

४ मार्च, मंगळवार
मीटिंग. मी म्हटलं, मी करते, जेएसशिवाय. नुसतं एचटीएमएल आणि सीएसएस.
सर: "मग क्लायंटला दाखवायचं काय?"
भाव, सर. भाव दाखवायचा. दुकान अडतीचं आहे, नाटक कंपनी नव्हे.
के. हसला. "स्वाती, हे पूर्वीच्या काळचं झालं. आणि हे स्केल कसं होणार?" कुठवर स्केल करायचंय याला? बेदाणा तासगाव-सांगली सोडून कुठं चाललाय?
शेवटी सर म्हणाले, चाचा खूश झाले तर पुढच्या सगळ्या साइट तुझ्या पद्धतीनं. नाही झाले तर तू बॅनर. बॅनर म्हणजे गल्लीतल्या भाऊंचे वाढदिवस. गॉगलवाले फोटो कापत बसायचं. हो म्हटलं.

६ मार्च, गुरुवार
के.ची फाइल उघडली. नियम-अटी उघडमीट करायला लायब्ररी. रंग निवडायला लायब्ररी. तारीख लिहायलासुद्धा लायब्ररी, म्हणजे याला आजची तारीखही स्वतःची स्वतः...

सगळं काढलं. नियम-अटींना डिटेल्सचा टॅग. दाबला की उघडतो, दाबला की मिटतो, ब्राउझरला ते उपजतच येतं. रंगाला साधी रेडिओ बटणं आणि सीएसएसमधला हॅज नावाचा नियम: हिरवा दाबला की हिरव्याच्या ओळी उरतात. नानांच्या जुन्या फोनाला हॅज कळत नाही, तिथं सगळ्या ओळी दिसतील. दिसू देत. भाव भरायच्या फॉर्मात चाचांच्या दिवाणजींनी रकाना रिकामा सोडला तर ब्राउझरच अडवतो, 'रिक्वायर्ड' एवढा एक शब्द लिहिला की झालं.

एवढं सगळं गेली काही वर्षं फुकटात ठेवलंय समोर. पण ते वापरलं तर लोक हुशार कसे म्हणतील.

११ मार्च, मंगळवार
काल सांगलीला जाऊन आले, सौदा बघायला. व्यापारी बॉक्सांच्या रांगेतनं फिरतात, मूठ भरतात, दोन दाणे तोंडात, उरलेले खाली. फरशीवर बेदाण्याचा सडा, त्यावरनं सगळे चपला घालून. आणि ज्याचा माल, तो कोपऱ्यात उभा राहून बघतोय.

चाचांचा रोजा. दाणा तोंडात घालता येत नाही, म्हणून बोटांत दाबून, उजेडाला धरून बघत होते. मी फोन पुढं केला. पान उघडलं. नुसता अंगठा टेकला आणि भाव समोर.
"आलं बी?"
"आलं."
"चाक कुठं गेलं?"
"काढलं."
 चाचा दाढी खाजवत राहिले. मला वाटलं कौतुक आहे.

१४ मार्च, शुक्रवार
आजपासून पान सुरू. के.ला बोलावून त्याच्याच फोनवर दाखवलं. म्हणे, "प्लेन वाटतंय." भाकरीही प्लेनच असते.

सरांना सुचलं, वर कंपनीचा लोगो गरगर फिरवत आणू या का. यांना सगळं फिरतं पाहिजे. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसू दिलं नसावं.

१७ मार्च, सोमवार
आज हिरव्याला झकास भाव. सौदा संपल्या संपल्या दिवाणजींनी भरला, की लगेच पानावर. रेंज नसल्यात जमा असेल तिथंही उघडत असणार. ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, भाव आला बरं का. के. हेडफोन घालून बसला होता. घालू दे.

१९ मार्च, बुधवार
डोकं उठलंय.
नानांना फोन केला. म्हटलं, परवा एवढा भाव होता, माल का नाही सोडला आजच्या सौद्याला?
"परवा? आगं त्यो आदल्या सौद्याचा भाव हुता."
"परवाचाच होता नाना. पान उघडलं ना तुम्ही?"
"उघडलं की. लगीच आलं. म्हंजे जुनंच हाय, फोनातच पडलेलं. ताजं असतं तर चाक फिरलं असतं."
मी म्हटलं, वर तारीख लिहिलीय ना ठळक.
"तारीख काय, कॅलेंडरात बी असती."

मग नाना चाचांना फोन लावत बसले म्हणे. एंगेज. कारण गावोगाव सगळे तेच करत बसलेले. तिकडं शेजारच्या दुकानाच्या पानावर चाक आहे, तिथं 'ताजा' भाव येतो, म्हणून बरेच जण तिकडं गेले. आज भाव थोडा बसला. नानांचा माल कोल्ड स्टोअरेजलाच.

मी फोनवर ओरडले.  नाना म्हणाले, "स्वाते, फौजेत मी वायरलेसला हुतो. खरखर ऐकू आल्याबिगर पलीकडं माणूस हाय असं वाटायचंच न्हाई."
 अडाणी म्हणावं तर बाप आहे. आणि लाज माझीच मला वाटली, माझ्यापायी त्यांचा भाव गेला.

२० मार्च, गुरुवार
चाचा: "पोरी, तुझं काम झ्याक हाय. पर चाक बसव परत. लोकांचा इश्वास बसंना."
सरांसमोरच बोलणं झालं. के. लगेच, गोड आवाजात, "माझ्याकडं मस्त लोडर आहे, देऊ?" ती लोडरची फाइल माझ्या अख्ख्या पानाहून मोठी.
तुझा लोडर तुझ्याकडेच ठेव. मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, बघते.

२१ मार्च, शुक्रवार
लिहिलं. एक गोल, एका बाजूला रंग, कीफ्रेम्सनी फिरवला. भावाचा तक्ता तोवर अदृश्य, अॅनिमेशनला उशीर लावून मग दिसतो. सगळं सीएसएसात, जेएसचा थेंब नाही. भाव आधीच आलेला असतो, पडद्यामागं उभा. चाक कशाचीच वाट बघत नाही. नुसतं फिरतं.

इतकं स्वच्छ काम मी आजवर केलं नव्हतं, आणि ते सगळं थापेसाठी. 
संध्याकाळी चढवलं.

२४ मार्च, सोमवार
नानांचा फोन, आपणहून. "आता बरोबर. आता येतंय सांगलीस्नं." हिरव्याला पुन्हा चढा भाव. नाना म्हणाले बुधवारचा बी असाच निघाला तर शुक्रवारच्या सौद्याला माल लावतो.
चाचा खूश. शेतकरी परत फिरायला लागलेत म्हणे. सरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, यापुढे सगळ्या साइट स्वातीच्या पद्धतीनं. "चाकासकट," सर म्हणाले. के.ने टाळ्या वाजवल्या. नालायक.
बॅनर टळले. खरं तर पेढे वाटायला हवे होते.

२७ मार्च, गुरुवार
सकाळी एसटी स्टँडवर असताना नानांचा फोन. टेम्पो भरून गेला. सगळे बॉक्स चाचांच्या दुकानाला, उद्याच्या सौद्याला. "कालचा भाव बघितला की. सोमवारसारखाच, लय झ्याक."

मी म्हटलं, बघू. पान उघडलं. चाक फिरलं, थांबलं. भाव सोमवारचा. तारीखही सोमवारची, वर, ठळक, मीच केलेली.
दुकानात फोन लावला. चाचांनी उचलला. दिवाणजी मिरजेला लग्नाला गेलेत, कालचा भाव भरायचा राहिला. काल काय निघाला? "बसला गं पोरी. लय बसला. उद्याचं आल्ला जाने."

नानांना लगेच परत लावला. म्हटलं, टेम्पो थांबवा, तो भाव सोमवारचा आहे.
"आसं कसं? चाक फिरलं की. मी सोता बघितलं."
"नाना, ते चाक खोटं आहे. ते मी लिहिलंय. ते काही आणत नाही, नुसतं फिरतं."
"तू कशी लिवशील? त्ये सांगलीस्नं येतंय."
"मी लिहिलंय नाना."
 "टेम्पो पोचला बी आसंल आता." आणि ठेवला.

चाचांना म्हटलं, उद्या भाव पडला तर नानांचा माल सोडू नका, परत ठेवा. म्हणाले बघतो, पण एकदा बॉक्स फोडून मांडले, व्यापाऱ्यांनी मुठी भरल्या, की माल परत नेणं अवघडच.

ऑफिसात के. विचारत होता, चाकाचा कोड देतेस का, दुसऱ्या क्लायंटला पाहिजे. दिला. भांडायची ताकद नव्हती.

आत्ता पुन्हा पान उघडलं. दिवाणजी आले असतील, कालचा भाव भरला असेल म्हणून. चाक फिरत होतं. आत काय आहे ते आधीच आलेलं असतं हे माहीत असून मी ते थांबेपर्यंत बघत बसले.
सोमवारचाच.
उद्या सौदा दहाला. सांगलीची पहिली एसटी पकडते.