नको ते गाळायचं

२ तारीख
आलो एकदाचे नव्या घरात! निवृत्तीनंतर तळ्याकाठी राहायचं, हा माझा जुना हट्ट. आमची ही म्हणते, हौसेला मोल नाही आणि तुम्हाला अक्कल नाही. पण वरच्या खोलीच्या खिडकीतून तळं आणि टेकडी दिसली तशी तीही खिडकीशीच रेंगाळली. त्याच खोलीतल्या कपाटात आधीचा भाडेकरू तैलरंगांची पेटी विसरून गेलाय. त्याची चित्रंही आहेत. सगळ्यांत नुसतं माळरान आणि आकाश, झाड नाही की घर नाही. ही म्हणाली, आळशी दिसतोय, तुमचाच भाऊ. मी मात्र ठरवलं, आता चित्रं रंगवायला शिकायचं.

५ तारीख
शिकवणी लावली. बाई कडक आहेत. खिडकीतून काढलेला फोटो मोठा करून नेला होता. त्यात तळं, टेकडी, मधोमध विजेचा खांब आणि कोपऱ्यात कुंपणाशी कपडे वाळत घालणारी ही, लाल शालीत. बाईंनी फोटोवर आणि कॅनव्हासवर सारख्या चौकटी आखायला लावल्या. त्यांचा एकच मंत्र: फोटोत आहे म्हणून सगळं रंगवायचं नसतं, नको ते गाळायचं. आणि दूरच्या माणसाला नाक-डोळे काढत बसायचं नाही. रंगाचा एक फटकारा, वर ठिपका, झालं काम.

८ तारीख
पेटीतलेच रंग घेऊन बसलो. खांब गाळला, तिथे आकाश भरलं. झकास! चित्र कसं मोकळं झालं. थोड्या वेळाने घरातली वीज गेली. बाहेर येऊन बघतो तर खांब जागेवर नाही, खड्डासुद्धा नाही. विजेच्या कचेरीत फोन केला तर म्हणे तिथे आमचा खांबच नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! उद्या जाऊन भांडतो.

११ तारीख
बाई म्हणाल्या, कोपऱ्यातला लाल रंग सगळी नजर ओढून घेतो, तोही गाळा. घरी येऊन हिला सांगितलं तर केवढी फणकारली. म्हणाली, एवढ्या वर्षांत माझ्याकडे कधी धड बघितलंय का? सांगा बरं, माझ्या हनुवटीवरचा तीळ कुठल्या बाजूला आहे? आणि हाताने हनुवटी झाकून बसली. मी म्हटलं, मधोमध. पोट धरून हसली, पण बाजू काही सांगितली नाही. मग कपडे वाळत घालायला खाली गेली. मी तिच्या जागी गवत भरलं.

१२ तारीख
ही घरात नाही. कालपासून नाही. दोरीवर फक्त माझे कपडे. दाराशी एकच चपलांचा जोड. मुलीला फोन करून विचारलं, आई तिकडे आलीये का. ती म्हणाली, बाबा, कोणाची आई? लग्नाच्या फोटोत मी एकटाच उभा आहे, शेजारी जागा सोडून.
खिडकीतून काढलेल्या फोटोतही कोपऱ्यात गवत. आणि खांब नाही.

१३ तारीख
चित्रात खांब परत काढला. धावत खाली गेलो. उभा आहे! पण तारा नाहीत. माझा हात थरथरला होता तिथे वाकडा. बोट लावलं तर ओला रंग लागला.
म्हणजे परत आणता येतं. मी काढीन तसं. मला ती हवी आहे, मला दुसरं काहीच नको.

१४ तारीख
तिचा एकही फोटो उरला नाही. बघून काढायला शिकलो, आठवून काढायला नाही. डोळे मिटले की शाल दिसते, हात दिसतात, चेहरा — रोज समोर बसून चहा प्यायलो आणि —
आता राहवत नाही. बाईंनी शिकवलं तसं. एक लाल फटकारा. वर ठिपका.

१५ तारीख
कुंपणाशी लाल शाल! हाक मारली. वळली. वळली ना? दोन्हीकडून सारखीच —

जिन्यावर आली. पावलं वाजत नाहीत. काहीतरी ओलं घासत येतंय. तेलाचा वास —

दार मीच उघडलं. माझीच आहे ती. मीच तिला असं —

समोर बसलीये. चहाच्या जागी. ब्रश तिनेच उचलून माझ्या हातात —

डोळे काढले. तपकिरी. असतील. ओठ —

तीळ राहिलाय. डावीकडे? मान हलवतेय. नाही म्हणतेय. मग उज —