लग्नाच्या तंबूपुढे हंबरडा

नारिन, ६ सप्टेंबर १९९८

चि. मेलिस यास आपाचे, म्हणजे तुझ्या आईचे, अनेक आशीर्वाद.

वर्तमानपत्रात तुझा पराक्रम वाचला. कुणी म्हातारी वारली खालच्या तंबूत आणि आमचे आमदार चिरंजीव रिवाजाप्रमाणे दुरूनच "अगं माझे आई" असा हंबरडा फोडत शिरले वरच्या, लग्नाच्या तंबूत! नवरी घाबरून रडली म्हणे. अरे, गाणी ऐकू आली नाहीत का तुला? एका दिवसात दुखवट्याची किती घरं उरकतोस?

हसून हसून माझी पुरेवाट झाली. चूक झाली म्हणावं, नवरीला एक शाल द्यावी, मोकळं व्हावं. तुझ्यासाठी दह्याच्या गोळ्यांचं कुरुत वाळवून ठेवलंय. तीन वर्षं झाली, तुझं तोंड दिसलं नाही.

तुझी आपा

बिश्केक, १५ सप्टेंबर

ती. आपास मेलिसचा सा. न. वि. वि.

चूक कबूल करणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी तिथे नव्हतोच म्हणालो, तर फोटो निघाला. विरोधकांचा कट म्हणालो, तर नवरीचा बाप माझ्याच पक्षाचा! शेवटी सचिवाने निवेदन लिहिलं की साहेबांच्या मातोश्री नुकत्याच वारल्या, तंबू पाहून दुःख अनावर झालं. श्रद्धांजलीला सभागृह उभं राहिलं, आपा. हसणारे गप्प झाले.

निवडणुकीपर्यंत बाजारात जाऊ नकोस. राग मानू नये, लोभ असावा.

मेलिस

नारिन, २४ सप्टेंबर

चि. मेलिस यास आशीर्वाद.

मंगळवारी मी चहा ओतत होते, तर अंगणात अकरा माणसं हंबरडा फोडत आली. मला दारात पाहून त्यांच्यातला थोरला, जुमाकादिर, मटकन खालीच बसला. मग सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मेंढी कापली. किती वर्षांनी घर भरलं! जो तो विचारत होता, मुलगा कधी पोचतोय. वाटेत आहे, म्हणाले. तुझं खोटं फोडणार नाही अशी शपथ घातलीय सगळ्यांना.

संध्याकाळी ते गेले. अकरा वाट्या धुतल्या आणि फार एकटं वाटलं रे.

बाजारात जात नाही, काळजी नको. पण एकदा ये. दारातून नुसती "आपा" अशी हाक मार. आत्ता मारलीस तर मी ओ देईन, एवढाच काय तो फरक.

तुझी, अजून असलेली,
आपा