गॅरेजमधला टचडाऊन

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०.
अमेरिकन फुटबॉलचा नवा सीझन. संकल्प तीन. एक, मॅच बघताना आवाज चढवायचा नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आहे. दोन, हार्टविगला वेळ द्यायचा. कॉलेजातून थेट आपल्या टीममध्ये आलेला एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक. सगळी टीम त्याच्या उजव्या हातावर. बॉल त्याने फेकायचा, बाकीच्यांनी पळायचं. पहिल्या वर्षी चुका होणारच. तीन, डायरी लिहायची.

दुपारी ३.३०.
हरलो. हार्टविगने तीनदा बॉल समोरच्या टीमच्या हातात नेऊन दिला. फेकला असं म्हणवत नाही. मी आवाज चढवला नाही, फक्त स्पष्ट बोललो. शेजारचा कुत्रा भुंकत होता, पण त्याला इतरही कारणं असतील.

१३ सप्टेंबर, शनिवार.
उपासनाला लर्नर्स परमिट मिळालं. पंधरा पूर्ण झाली. ड्रायव्हिंग मीच शिकवणार; बाहेरचे इन्स्ट्रक्टर घाई करतात. सकाळी आठला मॉलचं रिकामं पार्किंग. तासाभरात चार वेळा नको तिथे ब्रेक मारला. मी शांतपणे सूचना दिल्या. ती म्हणाली, बाबा, यू आर येलिंग. हा माझा नॉर्मल आवाज आहे हे तिला समजावून सांगत असताना सिक्युरिटीची गाडी शेजारी येऊन थांबली. सगळं ठीक आहे का, असं त्याने तिलाच विचारलं.

परत येताना गाडी मी चालवली.

१४ सप्टेंबर, रविवार.
परत हरलो. हार्टविगचे आणखी दोन बॉल परक्या हातात. हा पोरगा जन्मात शिकणार नाही, असं मी म्हणालो. एकदाच. भावना म्हणाली, सहा वेळा. बायकोने मोजायचं नसतं. उपासना मध्येच उठून वर गेली. होमवर्क असेल.

नोंद: केबल बंद केल्यापासून आपल्याकडे मॅच इंटरनेटवर येते, म्हणजे सगळं मिनिटभर उशिरा दिसतं. म्हणून घरात नियम केला आहे की मॅच संपेपर्यंत कुणी फोनवर स्कोअर बघायचा नाही. उपासनाचा फोन होमवर्कसाठी लागतो, तेवढी सूट.

२१ सप्टेंबर, रविवार.
एक किरकोळ घटना. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी हार्टविगच्या पायांबद्दल बोलत असताना उपासनाने गॅरेजमधल्या फ्रिजमधून ऑरेंज ज्यूस आणायला सांगितलं. ऐन मॅचमध्ये. चडफडत गेलो. फ्रिज उघडतो तोच आतून आरडाओरडा. टचडाऊन. बॉल थेट शेवटच्या रेषेपार, सहा पॉइंट. हार्टविगचा आपल्या टीमसाठी पहिला.

योगायोग आहे. फक्त नोंदवून ठेवतो.

२८ सप्टेंबर, रविवार.
आज तिने पेपर टॉवेल आणायला पाठवलं. टचडाऊन. थोड्या वेळाने बर्फ. पुन्हा टचडाऊन. सीझनमधला पहिला विजय.

मी इंजिनियर आहे. निरीक्षणाकडे डोळेझाक करणं मला जमत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार.
यतीनचा फोन. यंदा आपल्या विहार मंडळाचा तो अध्यक्ष. संविधान दिनाच्या कार्यक्रमात मी बोलावं अशी सगळ्यांची इच्छा आहे म्हणे. विषय, वैज्ञानिक दृष्टिकोन: आपलं मूलभूत कर्तव्य. मी ताबडतोब हो म्हणालो. डेव्हन या देशी बाजाराच्या रस्त्यावर नवी गाडी घेऊन येणाऱ्या लोकांच्या चाकाखालची लिंबं मी स्वतः पाहिली आहेत. त्यावर दहा मिनिटं आरामात बोलता येईल.

१२ ऑक्टोबर, रविवार.
आज पद्धतशीर प्रयोग. बेसमेंटमध्ये गेलो, काही नाही. बाथरूममध्ये गेलो, फक्त तीन पॉइंट. गॅरेजमध्ये उपासनाच्या सांगण्यावरून गेलो, टचडाऊन. एक्सेल शीट केली आहे. भावनाने विचारलं की याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत का. मी सांगितलं, अंधश्रद्धेत एक्सेल नसतं.

१९ ऑक्टोबर, रविवार.
सासरे आले नागपूरहून, सहा महिन्यांसाठी. शंकरराव, झेडपीच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर. जेट लॅगमध्येच मॅचला बसले. त्यांना खेळ कळत नाही, त्यामुळे हार्टविग आवडला. म्हणाले, प्रितमराव, पोरगं शिकते आहे, त्याला दम घेऊ द्या. मी नम्रपणे सांगितलं की शिकायचं तर कॉलेजात, इथे साठ हजार लोक थंडीत बसतात. ते म्हणाले, रागावून शिकवलेलं एकही पोरगं माझ्या लक्षात नाही. मग मला गॅरेजमध्ये जावं लागलं. टचडाऊन.

२५ ऑक्टोबर, शनिवार.
ड्रायव्हिंग. उपासनाने पॅरलल पार्किंगमध्ये नारिंगी कोन आडवा केला. मी फक्त म्हणालो की हा कोन म्हणजे एखाद्याचं मूल असू शकलं असतं. पुढच्या शनिवारी तिला क्लब आहे. त्याच्या पुढच्या शनिवारीसुद्धा. हल्लीच्या मुलांना फार कामं.

२ नोव्हेंबर, रविवार.
आकडेवारी अशी. मी आपणहून गॅरेजमध्ये गेलो तेव्हा अकरापैकी एकदा यश. उपासनाने पाठवलं तेव्हा नऊपैकी नऊ. निष्कर्ष: मुलीला टायमिंगची जन्मजात जाण आहे. माझ्यावर गेली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार.
घरच्यांचं सहकार्य हृदय भरून यावं असं आहे. भावनाने गॅरेजमध्ये छोटा हीटर आणि घडीची खुर्ची ठेवली. सासऱ्यांनी स्वतःची कानटोपी दिली. आता तर मी पूर्ण दुसरा हाफ तिथेच बसावं असं भावनाने सुचवलं, म्हणजे ये-जा करताना थंडी आत यायला नको. आतून हसण्याचे आवाज येत होते. बहुधा जाहिराती.

जिंकलो. टीम आता पाच जिंकली, पाच हरली. ऑफिसात सगळे म्हणतात की हार्टविग सुधारला. मी काही बोलत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
व्याख्यान उत्तम झालं. चाळीस लोक. लिंबाला हशा, मांजराला हशा. आपण मानतो ते तपासून बघणं हेच बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं, असं म्हणून समारोप केला.

मग प्रश्नोत्तरं. पहिला हात सासऱ्यांचा. त्यांनी विचारलं, वैज्ञानिक माणसाने स्वतःच्या लाडक्या निष्कर्षाचं काय करावं? मी म्हणालो, तो मोडतो का ते आधी पाहावं. टाळ्या. त्यावर ते म्हणाले, मग उद्या मॅचला हॉलमध्येच बसा. यतीनला अर्थ कळेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांना गॅरेजची हकिकत सांगितली. सविस्तर. लिंबापेक्षा जास्त हशा.

मी न डगमगता जाहीर केलं की सीझनची शेवटची मॅच मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हॉलमध्ये बसून बघणार, आणि बघायला सगळ्यांनी घरी यावं. उद्याच का नाही, असं भावनाने गाडीत विचारलं. प्रयोगाला तयारी लागते.

२१ डिसेंबर, रविवार.
आठ जिंकलो, सात हरलो. गॅरेजमध्ये उणे दहा. हीटर माझ्या डाव्या पायापुरता पोचतो.

आज बसल्या बसल्या लक्षात आलं की हार्टविगने या सीझनमध्ये फेकलेला एकही टचडाऊन मी पाहिलेला नाही. सतरा झाले. सगळे ऐकले आहेत. परक्या हातात गेलेले बॉल मात्र बहुतेक सगळे पाहिले. म्हणजे या पोराबद्दल माझं जे मत आहे ते मी पाहिलेल्यावर आधारित आहे, हेही खरं.

थोडं वाईट वाटलं. चहा मागवला. उपासनाने आणून दिला आणि थोडा वेळ दारात उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, आर यू कोल्ड? मी म्हणालो, टीमसाठी एवढं चालतं. ती काहीतरी सांगणार होती असं वाटलं, पण आत भावनाने हाक मारली.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ११.
आज शेवटची मॅच, शेजारच्या विस्कॉन्सिनवाल्यांशी. जिंकलो तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. पाहुणे चौदा. भावनाने तर्री पोहे केले आहेत. मी सोफ्याच्या मधोमध बसणार आणि उठणार नाही. बाथरूमलाही आत्ताच जाऊन आलो.

दुपारी ४.
क्रमाने लिहितो.

चौथ्या क्वार्टरच्या शेवटापर्यंत मी बसून होतो. हार्टविगने एक बॉल घालवला, एक पाडला, बाकी तीन-तीन पॉइंट गोळा केले. टचडाऊन नाही. मी एक शब्द बोललो नाही, म्हणजे मोठ्याने नाही. शेवटची चाळीस सेकंदं, आपण चार पॉइंटने मागे, बॉल आपल्याकडे. हॉलमध्ये कुणी चमचासुद्धा वाजवेना. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. व्याख्यानाला टाळ्या वाजवणारे हेच चाळीसातले चौदा. यतीन घसा साफ करून म्हणाला, प्रितम, यार, माझी विज्ञानावर पूर्ण निष्ठा आहे, पण तुला गॅरेजमधून काही आणायचं नाहीये का? भावनाच्या हातात माझा कोट होता. कधी आणला कळलं नाही.

फक्त सासरे म्हणाले, बसा हो प्रितमराव.

मी उठलो. तेवढ्यात उपासनाने माझी बाही धरली. म्हणाली, बाबा, जस्ट सिट. प्लीज. वन मिनिट. सबंध सीझनमध्ये तिने मला बस म्हणून कधी सांगितलं नव्हतं. हात घट्ट धरला होता. पोर घाबरली असणार. मी हळूच तिची बोटं सोडवली, कारण कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी, आणि गेलो.

कानटोपी घालतो न घालतो तोच घर हादरलं. टचडाऊन. जिंकलो.

आत आलो तेव्हा सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. सासरे डोळे पुसत होते. म्हणाले, इथून तिथपर्यंत टाकला पोराने, दोन माणसांच्या मधून. तुम्ही पाहायला हवं होतं. यतीनने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, हे बाहेर सांगायचं नाही. आयुष्यात इतकं समाधान क्वचित वाटलं असेल.

संध्याकाळी ६.
पाहुणे गेले. उपासना किचनमध्ये एकटी बसली होती. मी तिला म्हणालो की आपण दोघांनी मिळून हार्टविगला प्लेऑफला नेलं.

तिने फोन समोर ठेवला. तिच्या फोनवर प्रत्येक टचडाऊनची सूचना येते. टीव्हीच्या मिनिटभर आधी. सूचना आली की ती मला गॅरेजमध्ये पाठवायची. पहिल्यांदा ज्यूससाठी पाठवलं ते नुसतंच, थोडा वेळ शांतता मिळावी म्हणून. दुसऱ्या वेळेपासून ठरवून. आईला नोव्हेंबरमध्ये सांगितलं. आजोबांना त्याच्याही आधी कळलं होतं, त्यांनी विचारून घेतलं.

मी विचारलं, पण का? ती म्हणाली, तुम्ही हार्टविगवर ज्या आवाजात ओरडता ना, कारमध्ये माझ्यावरही त्याच आवाजात ओरडता. ते मला ऐकवत नव्हतं. आणि गॅरेजमधून परत यायचात तेव्हा तुम्ही इतके खूश असायचात, की मग सांगता येईना.

मग मी विचारलं, आज बस का म्हणालीस? ती म्हणाली, मला कळलं होतं की तो टाकणार आहे. आय वॉन्टेड यू टू सी इट. वन्स.

मी बराच वेळ सिंक घासत उभा राहिलो. सिंक स्वच्छच होतं.

एक्सेल शीट डिलीट केली नाही. नाव बदललं आहे.

१० जानेवारी, शनिवार.
संकल्प एक. गाडीत तोंड उघडायचं नाही. सकाळी सातला तयार होऊन, किल्ली घेऊन खाली आलो. उपासनाला संकल्प सांगितला. ती म्हणाली, थँक यू बाबा, पण आजपासून आई शेजारी बसणार आहे. मी मागच्या सीटवर बसण्याची तयारी दाखवली. मागे आजोबा बसणार होते. बसलेच होते.

मग तिला माझी दया आली असावी. म्हणाली, बाबा, तुम्ही गॅरेजचं दार उघडा.

मी घडीच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो. गाडी सरळ रेषेत मागे गेली. कचऱ्याच्या डब्याला लागली नाही, मेलबॉक्सला लागली नाही, रस्त्यावर वळताना तिने इंडिकेटरसुद्धा दिला. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. हात मात्र आपोआप वर गेले, दोन्ही, टचडाऊनला पंच करतो तसे. तिने आरशात पाहिलं का, माहीत नाही.

दार मी पहिल्याच प्रयत्नात उघडलं होतं.