स्पर्शाचा कडकपणा

सोमवार, ४ तारीख

नवी नोकरी, नवं घर, नवी वही! घर तळमजल्यावर मिळालं, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी मिटली. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, घरात शिरल्या शिरल्या प्रत्येक चौकट ठोकून पाहिली आणि स्वयंपाकघराचं दार नापास केलं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीजवळचं टेबल मिळालं. सफाईवाल्या मावशींनी आल्या आल्या तक्रार सांगितली. माझ्या टेबलाखाली लादीतून बुटाच्या नाडीची चार टोकं वर आली आहेत, पोछा रोज तिथे अडकतो. वाकून पाहिलं तर खरंच! गवत उगवावं तशी चार टोकं. कुणाची तरी थट्टा असणार. दोघी पोटभर हसलो.

गुरुवार, ७

काम पादचारी पुलाच्या सांध्याचं आहे. एक जाडजूड पिन आणि तिच्यावर पेललेली लोखंडी कडी. पुलावर माणसं चढली की सांधा तग धरेल का, हे संगणकावर आधी पाहायचं. अडचण एकच, त्र्याहत्तर टक्के भार चढला की गणित थांबतं. कडी पिनेला टेकते, सुटते, टेकते, सुटते. गणित सोडवणारा प्रोग्राम, सॉल्व्हर, हजार फेऱ्या मारतो आणि हात टेकतो.

माझ्या आधीचा इंजिनिअर हे अर्धवट टाकून गेला. साहेब म्हणाले, एका दुपारी न सांगता उठून गेला, डबासुद्धा नेला नाही.

सोमवार, ११

सगळं रीतसर करून पाहिलं. मेश, म्हणजे सांध्याचे तुकडे पाडणारी जाळी, बारीक केली, भार थेंबाथेंबाने चढवला, सुरुवातीची फट बुजवली, घर्षण बदललं. त्र्याहत्तर म्हणजे त्र्याहत्तर.

संध्याकाळी बाबांना समजावून सांगितलं. एक वस्तू दुसरीत घुसू नये म्हणून संगणकाला एक आकडा द्यावा लागतो. किती जोराने अडवायचं, त्याचा. त्याला स्पर्शाचा कडकपणा म्हणतात. तो कमी केला की गणित मुकाट सुटतं, पण वस्तू एकमेकींत रुततात. बाबा म्हणाले, मग ते सुटलं कसलं, ती तर लबाडी झाली.

बुधवार, १३

कडकपणाचा आकडा दहाव्या हिश्श्यावर आणला. साहेबच म्हणाले, आधीच्यानेही तेच केलं होतं, फक्त सही करायची राहिली त्याची. शंभर टक्के भार चढला! साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. पडद्यावर पिन कडीत चांगली रुतलेली दिसत होती. अहवालात मी लिहिलं, ‘रुतणे नगण्य’. खाली सही केली.

घरी बाबांनी विचारलं, कसं सुटलं. मी म्हटलं, सुटलं एकदाचं.

शुक्रवार, १५

माझा कप टेबलाला चिकटतो. उचलताना हिसका द्यावा लागतो आणि खाली गोल खळगा राहतो. ओला नाही, चिकटही नाही.

बाबा म्हणतात, जमीन भुसभुशीत लागते. मी रोजच्यासारखा हात देऊन त्यांना खुर्चीतून उठवलं आणि म्हटलं, जमीन नाही, तुमचे गुडघे.

सोमवार, १८

टेबलाखाली बसून लादी खरवडली. नाडीच्या टोकांभोवती चामड्याच्या दोन लंबगोल कडा आहेत, लादीच्या पातळीत. बूट आहेत ते, काठोकाठ रुतलेले. तो माणूस पाय उपसून अनवाणी गेला. गेला असेल तर.

आकडा पूर्ववत केला. गणित पुन्हा त्र्याहत्तरवर थांबलं. आणि आज मला ते कळलं. ते अडत नव्हतं, सांगत होतं. त्या भाराला सांधा टिकतच नाही. उत्तरच नाही त्याला.

साहेबांना अहवाल मागे घ्या म्हणून विनवलं. साहेब म्हणाले, पूल परवा उघडतोय, आता वेड्यासारखं करू नकोस. बोलताना ते टेबलावर बोटं वाजवत होते, टक टक टक. मीही वाजवून पाहिली. माझ्या बोटांचा आवाज येत नाही.

मंगळवार, १९

बाबांची टाच लादीतून निघेना. ओढून काढली. कातडं खालीच राहिलं. रक्त नाही.

एका जागी थांबलं की होतं. चालत राहिलं की होत नाही. मी उभ्याने जेवते, येरझाऱ्या घालते. पण बाबा कसे चालणार? दहा पावलांत बसतात ते.

बुधवार, २०

बाबांचे दोन्ही पाय रुतले, निघेनात. शेजारच्या काकांना बोलावलं. ते तासभर त्याच लादीवर उभे होते, त्यांना काही झालं नाही. त्यांनी पहार मारली, लादी फुटली, पण बाबांचे पाय तिच्यातच, दगडात शीर असावी तसे. काका घाबरून पळाले.

म्हणजे जमिनीत काही नाही. माझ्यात आहे. आकडा उतरवून सही केलेल्या हातात. आणि मी रोज त्याच हाताने बाबांना उठवत होते.

सांगितलं त्यांना. रागावले नाहीत. म्हणाले, हात न देतीस तर पडलो नसतो का मी.

गुरुवार, २१

गुडघ्यापर्यंत. बाबा म्हणतात, गुडघे दुखायचे तरी थांबले. हसले. मी नाही.

ऑफिसातून फोन — पूल — सकाळी गर्दी झाली होती — साहेब नुसते रडत होते. किती माणसं, ते विचारवलं नाही.

आता कुणाला सांगू?

शुक्रवार, २२

छातीपर्यंत. त्यांना श्वास अपुरा पडतोय. बाबा म्हणतात, तू जा, चालत राहा, थांबू नकोस. मी दारापर्यंत गेले. परत आले.

खाली बसले त्यांच्याजवळ. हात धरला. बाबा ओरडले, सोड म्हणून. नाही सोडला.

—

बाबा आता बोलत नाहीत. फक्त हात वर आहे, माझ्या हातात. त्यांचं बोट कुठलं, माझं कुठलं — दिसत नाही. दुखत नाही. डाव्या हाताने लिहितेय. मांडी लादीत — कंबर —

पेन पानावर टेकत नाही, आरपार जा